चंद्रज्योतीच्या बियांपासून टिश्यू कल्चर : ४२ बाटल्या, ३३ मध्ये बुरशी

धुऱ्यावरची | ९ ऑक्टोबर २०२२, रात्री १०.१५

नमस्कार मंडळी. मी दारव्हा तालुक्यातली. एम.एस्सी. बॉटनी केलंय, सध्या तासिका तत्त्वावर शिकवते. आधी झाडाची गोष्ट सांगते, नाहीतर प्रश्न कळायचा नाही.

२००६ साली आमच्याकडे डिझेलच्या झाडाची, म्हणजे चंद्रज्योतीची (जट्रोफा), हवा होती. नियोजन आयोगाच्या समितीनं २००३ मध्ये जट्रोफाचं नाव पुढे केलं होतं. त्याच्या आधी २००२ च्या ३१ डिसेंबरला शताब्दी एक्सप्रेस बायोडिझेल मिसळून चालवून झाली होती. मोटारसायकलवरून माणसं यायची आणि सांगायची, बरडावर लावा, पाणी नको, खत नको, बी आम्ही विकत घेतो. बाबांनी दीड एकर मुरमाड रानात पंधराशे रोपं लावली. चौथ्या वर्षी सगळ्या वावराचं मिळून दोन पोती बी निघालं. ते घ्यायला कोणी आलं नाही. मोटारसायकलवाल्याचा फोन तर तिसऱ्या वर्षीच बंद झाला होता. २०१२ मध्ये जेसीबी लावून सगळं उपटलं आणि तूर पेरली.

पण धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, विहिरीपाशी एक झाड राहून गेलं. ते दरवर्षी घोसाघोसांनी लागतं. मागच्या हंगामात मी मुद्दाम बी वेचून वजन केलं, त्या एका झाडाचं तीन किलो चारशे ग्रॅम भरलं. पंधराशे झाडांत एकच असं निघालं, तर त्याची रोपं करून ठेवावीत असं मनात आलं.

घरीच टिश्यू कल्चरचा, म्हणजे झाडाचा छोटा भाग निर्जंतुक बाटलीत वाढवून रोपं करायचा, प्रयोग केला. मत्स्यालयाची काचेची पेटी आडवी करून त्यात स्पिरिटचा दिवा, आणि ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेनं निर्जंतुक करायचं यंत्र) म्हणजे आईचा कुकर. बी ७० टक्के अल्कोहोलमध्ये अर्धा मिनिट, मग ०.१ टक्का मर्क्युरिक क्लोराइडमध्ये आठ मिनिटं बुडवलं, उकळून थंड केलेल्या पाण्यानं चारदा धुतलं आणि कवचासकट एमएस मीडियमवर (रोपांसाठीचं जेलीसारखं खाद्य) ठेवलं. बाटल्या ४२. पाचव्या दिवशी ३३ बाटल्यांत बुरशी. काळी, हिरवी, आणि एक पांढरीशुभ्र, फुटलेल्या बोंडासारखी. (इतका कापूस वावरात आला असता तर.) उरलेल्या नवांपैकी चार उगवल्याच नाहीत, तिघांच्या बुडाशी दुधाळ चिकट घाण साचली, दोन उगवल्या. चुकतंय कुठं?

वऱ्हाडी_ठेचा | ९ ऑक्टोबर २०२२, रात्री १०.४१

बाप्पा! कुकरात वरण शिजवाचं सोडून डिझेल शिजवून रायल्या का ताई? आई काई म्हनत नाई?

धुऱ्यावरची | ९ ऑक्टोबर २०२२, रात्री १०.५०

म्हणते. दुसरा कुकर आणून दे म्हणते.

केळीच्या_बागेतला | १० ऑक्टोबर २०२२, सकाळी ६.३०

ताई, मी अकोटचा. सहा वर्षं केळीच्या टिश्यू कल्चर लॅबमध्ये ट्रान्सफरला (रोपं एका बाटलीतून दुसरीत हलवायच्या कामाला) होतो, आता घरची बाग बघतो. तुमच्या पोस्टमधली एकच ओळ वाचली आणि उत्तर मिळालं : "कवचासकट".

चंद्रज्योतीचं काळं कवच खडबडीत असतं. शेंड्याला छोटी बोंडी असते, तिच्या खाचेत मातीचे कण बसतात. तिथपर्यंत कुठलंच औषध पोचत नाही, आणि पोचलं तरी बुरशीचे बीजाणू वाळलेल्या कवचात निवांत बसलेले असतात. वरून कितीही धुवा, मीडियमवर ओल मिळाली की उठतात. कवच काढायचंच. पक्कडीनं हलकं दाबलं की तडकतं, जोर लावला तर आतला पांढरा गर चिरडतो. आमच्याकडे आजीबाई चिंचोके फोडायच्या, तसा हात पाहिजे.

गर निघाला की नळाखाली अर्धा तास वाहत्या पाण्यात. मग अल्कोहोल अर्धा मिनिट. मग पाऱ्याच्या औषधाऐवजी हायपोक्लोराइट वापरा. बाजारातलं चार-पाच टक्क्यांचं ब्लीच तिप्पट पाण्यात पातळ करायचं, भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकायचा आणि दहा मिनिटं हलवत राहायचं. गराला कवच नसल्यानं औषध आत लवकर शिरतं, म्हणून वेळ वाढवू नका. इथून पुढचं सगळं पेटीत, दिव्याजवळ. चार पाण्यांनी धुवायचं, आणि हे पाणी नुसतं उकळलेलं चालणार नाही, कुकरमध्ये शिट्टीच्या दाबावर वीस मिनिटं ठेवलेलंच पाहिजे. उकळीला मरत नाहीत असे बीजाणू असतात. तुमची दुधाळ घाण बहुतेक त्यातूनच आलेली आहे.

मग गर रात्रभर त्याच पाण्यात भिजत ठेवा. सकाळी तो मऊ होतो. उभी चीर दिली की दोन भाग उघडतात आणि मध्ये कागदासारख्या पातळ दोन पानांसकट गर्भ दिसतो. तेवढाच उचलून मीडियमवर. गराचा तेलकट भाग टाकून द्या. तो बुरशीचं जेवण आहे.

आणि पेटीत काम करताना पंखा बंद. हे सांगायला नको, पण लॅबमध्येही लोक विसरायचे.

धुऱ्यावरची | १० ऑक्टोबर २०२२, सकाळी ७.०५

पंखा चालू होता 🙈

केळीच्या_बागेतला | १० ऑक्टोबर २०२२, सकाळी ७.१२

झालं.

सोयाबीनचा_भाव | १० ऑक्टोबर २०२२, दुपारी १.२०

मीडियमचा खर्च किती येतो? आमच्या पोराला शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात करायचं आहे.

धुऱ्यावरची | १० ऑक्टोबर २०२२, दुपारी ३.४५

एमएसची तयार पूड मिळते, लिटरला साधारण साडेचार ग्रॅम लागते. घरची साखर ३० ग्रॅम, अगर ८ ग्रॅम. सगळ्यांत महाग अगरच. ईसबगोलाची भुशी घालूनही मीडियम घट्ट होतं, पण गुठळ्या फार होतात, मी एकदा केलं आणि सोडलं. बीएपीची (फुटवे आणणारं संप्रेरक) पूड मात्र अगदी थोडी लागते. दहा मिलिग्रॅम घ्यायची, सोडियम हायड्रॉक्साइडच्या दोन-चार थेंबांत विरघळवायची, पाणी घालून १०० मिली करायचं. लिटरभर मीडियममध्ये यातलं १० मिली टाकलं की १ मिलिग्रॅम झालं. मी ते मिलिग्रॅम कॉलेजच्या तराजूवर मोजून आणते. पीएच ५.८ ठेवायचा, फार आंबट झालं तर अगर घट्टच होत नाही.

मुलगा शाळेतला असेल तर चंद्रज्योत नको. गाजर किंवा हरभरा घ्या.

आशाताई_गडचिरोली | १० ऑक्टोबर २०२२, रात्री ८.००

हे शेवटचं वाक्य मोठ्या अक्षरांत लिहा हो. मी आरोग्य खात्यात आहे. चंद्रज्योतीच्या बिया चवीला शेंगदाण्यासारख्या लागतात, मुलं मधल्या सुट्टीत कुंपणाच्या तोडून खातात, आणि मग रांगेनं उलट्या-जुलाब. एकानं खाल्ल्या की दहा जण खातात. अशी लेकरं मी कितीदा तरी सलाईनवर पाहिली आहेत. बीत कर्सिन नावाचं प्रथिन आणि फॉर्बॉल एस्टर असतात. पेंडही जनावरांना चालत नाही. घरात बाटल्या, बिया, पाऱ्याचं औषध ठेवणार असाल तर कुलपात. आणि ते पाऱ्याचं पाणी मोरीत ओतू नका, ताई. विहीर जवळ आहे म्हणता.

धुऱ्यावरची | १० ऑक्टोबर २०२२, रात्री ८.२०

वेगळ्या कॅनमध्ये साठवलंय, कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागात देणार आहे. यापुढे ब्लीचच.

जुना_सूक्ष्मदर्शक | ११ ऑक्टोबर २०२२, सकाळी ११.००

मी नागपूरला असतो, वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालो. केळीवाल्या मित्रानं तंत्र उत्तम सांगितलं आहे, त्यात मला भर घालायची नाही. मला वेगळाच प्रश्न पडला आहे, आणि तो विचारल्याबद्दल रागावू नका.

तुम्हाला विहिरीजवळच्या झाडाची नक्कल हवी आहे ना? मग बी का घेतलं?

आपल्याकडे कोयीचा आंबा आणि कलमी आंबा यांतला फरक पोराटोरांनाही कळतो. हापूसची कोय लावली म्हणून हापूस येत नाही. चंद्रज्योतीला नर आणि मादी फुलं एकाच घोसात पण वेगवेगळी असतात. मधमाश्या आणि इतर किडे एका झाडावरचा पराग दुसऱ्यावर नेतात. म्हणजे त्या तीन किलो चारशे ग्रॅममधलं प्रत्येक बी हे वेगळं मूल आहे. आई एक, बाप कोण ते माशीला ठाऊक. तुम्ही एका गर्भापासून बाटलीत शंभर रोपं केलीत, तर ती एकमेकांची नक्कल असतील, आईची नाही.

संत्र्याचं उदाहरण देऊन कोणी वाद घालेल म्हणून आधीच सांगतो. नागपुरी संत्र्याच्या एका बीत अनेक गर्भ असतात, त्यांतले बरेचसे आईच्याच ऊतीतून आलेले असतात, त्यामुळे तिथं बीपासूनही आईसारखं झाड मिळू शकतं. तरीसुद्धा आपण जंबेरी लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतोच, ती गोष्ट वेगळी. चंद्रज्योतीत एका बीत एक गर्भ, तोही परागीकरणातून झालेला.

धुऱ्यावरची | ११ ऑक्टोबर २०२२, सकाळी ११.४०

सर, हे मला माहीत असायला हवं होतं. मी हेच बारावीला शिकवते. गेल्या आठवड्यात फळ्यावर "ऊती संवर्धन : मातृवनस्पतीशी जनुकीय साधर्म्य असलेली रोपे" असं स्वतःच्या हातानं लिहिलंय.

बी हाताशी होतं म्हणून घेतलं, इतकंच.

वऱ्हाडी_ठेचा | ११ ऑक्टोबर २०२२, दुपारी १२.०२

आई एक, बाप कोन ते माशीले ठाऊक 😂 सर तुमी शिकवाले असते तर मी नापास झालो नसतो.

जुना_सूक्ष्मदर्शक | ११ ऑक्टोबर २०२२, दुपारी १२.३०

वाईट वाटून घेऊ नका. बीपासून सुरुवात करण्यात फायदेही आहेत. गर्भ कोवळा असतो, लवकर प्रतिसाद देतो, आणि कवच काढलं की आत बऱ्यापैकी स्वच्छ असतो. बाहेर वाढलेल्या जुन्या फांदीचं तसं नसतं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या लोकांनी १९९० मध्ये बांबूला बाटलीतच फुलं आणून दाखवली, जगभर गाजलं ते काम. तीही कल्चरं बियांच्या कोवळ्या रोपांपासूनच केलेली होती.

मीडियमचं प्रमाण बसवायचं, हात बसवायचा, कुठलं संप्रेरक किती दिलं की काय होतं ते बघायचं, तर त्यासाठी बी उत्तम. मुराशिगे आणि स्कूग यांनी १९६२ साली हे मीडियम तंबाखूसाठी बसवलं होतं, चंद्रज्योतीसाठी नाही. तेव्हा तुमच्या झाडाला काय मानवतं ते तुम्हालाच शोधायचं आहे. त्याआधी १९५७ मध्ये स्कूग आणि मिलर यांनी दाखवलंच होतं की ऑक्सिन आणि सायटोकायनिन या दोन संप्रेरकांच्या प्रमाणावर मुळं येणार की फुटवे हे ठरतं. दोन्ही सारखी झाली तर नुसता गोळा वाढत बसतो, त्याला कॅलस म्हणायचं. तेव्हा बियांवर गिरवा आणि मग फांदीकडे वळा.

रोहीवैतागी | ११ ऑक्टोबर २०२२, सायंकाळी ७.१५

हे एवढं सगळं कायले? चंद्रज्योतीची फांदी पावसाळ्यात खोचली का लागते. आमच्या अख्ख्या गावाचं कुंपन तसंच हाय. रोही (नीलगाय) तोंड लावत नाई, शेळी खात नाई. बाटली, कुकर, मीडियम... हातभर फांदी तोडजा अन जमिनीत गाडजा. झाली नक्कल.

धुऱ्यावरची | ११ ऑक्टोबर २०२२, सायंकाळी ७.३०

बाबा आत्ता माझ्या मागे उभे राहून हेच म्हणताहेत. शब्दन् शब्द.

केळीच्या_बागेतला | ११ ऑक्टोबर २०२२, रात्री ९.१०

रोहीभाऊंचं खरं आहे. केळीचं टिश्यू कल्चर परवडतं कारण केळीला फांदी नाही. मुनवे (बुडाशी येणारी पिल्लं) काढायचे तर एका झाडाला मोजकेच, त्यात रोग असला तर तोही सोबत येतो, आणि बागाईतदाराला एकाच दिवशी एकाच वयाची हजारो रोपं लागतात. चंद्रज्योतीला यातलं काहीच नाही. एक गोष्ट मात्र फांदीत कमी पडते. बीच्या झाडाला सोटमूळ येतं, ते मुरमात खोल जातं. फांदीला नुसती आडवी मुळं फुटतात. कोरडवाहू बरडावर याचा फरक पडतो.

जुना_सूक्ष्मदर्शक | ११ ऑक्टोबर २०२२, रात्री ९.४०

पण टिश्यूच्या रोपालाही खरं सोटमूळ नसतंच. तीही फुटव्याला आणलेली मुळं.

केळीच्या_बागेतला | ११ ऑक्टोबर २०२२, रात्री ९.४५

हो सर. मग फांदी आणि बाटली त्या बाबतीत सारख्याच.

करंजाची_सावली | १२ ऑक्टोबर २०२२, सकाळी ९.००

जट्रोफावर इतकी मेहनत घेण्यापेक्षा करंज का नाही? आपलंच झाड आहे, नाल्याकाठी आपोआप येतं, तेल पूर्वीपासून दिव्याला आणि औषधाला वापरतात, शेंगवर्गीय असल्यानं जमिनीला नत्रही देतं. जट्रोफा मेक्सिकोकडचा, पोर्तुगीजांनी आणला. मोहाच्या तेलाबद्दल तर बोलायलाच नको. मला वाटतं या जट्रोफाच्या नादात २००९ च्या धोरणानं २०१७ पर्यंत २० टक्के मिश्रणाचं स्वप्न दाखवलं आणि हाती काही लागलं नाही. २०१८ च्या नव्या धोरणात बायोडिझेलसाठी २०३० पर्यंत ५ टक्के म्हणून ठेवलंय. सगळा जोर आता इथेनॉलवर.

सोयाबीनचा_भाव | १२ ऑक्टोबर २०२२, सकाळी ९.२५

२०१८ मध्ये डेहराडून ते दिल्ली विमान उडवलं होतं की जट्रोफाच्या तेलावर.

करंजाची_सावली | १२ ऑक्टोबर २०२२, सकाळी ९.३१

एका इंजिनात २५ टक्के मिसळून. विमान उडालं, शेतकरी होता तिथंच.

धुऱ्यावरची | १२ ऑक्टोबर २०२२, सकाळी १०.००

करंजाचा धागा वेगळा काढा, मी येते तिथं. मला डिझेल नकोय खरं तर. मला ते एक झाड असं का आहे ते बघायचंय.

जुना_सूक्ष्मदर्शक | १२ ऑक्टोबर २०२२, सकाळी १०.२०

मग अजून एक प्रश्न. ते झाड विहिरीपाशी आहे असं पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं आहे. बाकीची १४९९ बरडावर होती. गुण झाडाचा, की विहिरीचा?

(या पोस्टनंतर धागा पावणेचार महिने शांत होता. तेवढ्यात फक्त तीन जण "पुढे काय झालं?" असं विचारून गेले, त्यांच्या पोस्ट ॲडमिननं एकत्र केल्या आहेत.)

धुऱ्यावरची | ३१ जानेवारी २०२३, रात्री ११.००

धागा वर काढतेय. सरांच्या त्या प्रश्नानं दोन दिवस जेवण गेलं नाही, खोटं कशाला बोलू. मग ठरवलं, दोन्ही कामं करायची. आधी बियांवर हात बसवायचा.

नोव्हेंबरमध्ये नवं बी घेतलं. (मागच्या वर्षीचं जे डब्यात होतं ते मातीत टाकून बघितलं, वीसातलं तीन उगवलं. तेलाचं बी, लवकर मरतं.) कवच काढून, ब्लीच, रात्रभर भिजवणं, गर्भ वेगळा करणं, सगळं केळीदादांनी सांगितलं तसं. ३० बाटल्यांत बुरशी फक्त सहांत. आईनं पेढे आणले, खरंच.

थंडी मला फार उपयोगी पडली. आमच्याकडे एसी नाही. डिसेंबरात माजघरातलं तापमान आपोआप २४-२६ राहायचं. दोन एलईडी ट्यूब टायमरवर, सोळा तास. वीज गेली की गेली, झाडांनी तक्रार केली नाही.

नुसत्या एमएसवर गर्भाचं सरळ रोप होतं, मूळ, खोड, पानं. लिटरला १ मिलिग्रॅम बीएपी आणि ०.१ मिलिग्रॅम आयबीए (एक ऑक्सिन) घातलं तर बीजपत्राच्या बुडाशी फुटवे येतात, दोन ते चार. बीएपी ३ मिलिग्रॅम केलं तेव्हा फुटवे वाढले, पण काचेसारखे पाणीदार झाले आणि हात लावताच मोडले. एका बाटलीत चुकून २,४-डी (तेही ऑक्सिनच) पडलं, तिथं पिवळट भुसभुशीत गोळा वाढतोय, अजून फेकवत नाही.

दोन अडचणी आल्या. एक, चीक. कापलं की पांढरा चीक येतो आणि मीडियम तपकिरी होतं. दोन, तिसऱ्या आठवड्यात पानं गळून बाटलीच्या तळाशी.

केळीच्या_बागेतला | १ फेब्रुवारी २०२३, सकाळी ६.१०

छान! चिकासाठी कापल्यावर तुकडा निर्जंतुक पाण्यात पाच मिनिटं ठेवा, चीक वाहून जाऊ द्या. पहिला आठवडा दर दोन-तीन दिवसांनी तुकडा त्याच बाटलीत थोडा सरकवा किंवा नव्या मीडियमवर घ्या. खूपच काळं पडत असेल तर सक्रिय कोळसा दोन ग्रॅम लिटरला, पण कोळसा संप्रेरकही शोषतो, म्हणून फुटवे आणायच्या टप्प्यावर शक्यतो नको.

पानगळीसाठी झाकण बघा. घट्ट झाकणात इथिलीन वायू साचतो. झाकणाला भोक पाडून त्यात कापसाचा बोळा बसवा आणि तेही कुकरमधून काढा.

आणि मुंग्या! गोडावर मुंग्या येतात, त्यांच्यापेक्षा बारीक कोळी येतात, डोळ्याला दिसत नाहीत. एका बाटलीतली बुरशी पायाला लावून दुसरीत जातात. बुरशीच्या बाटल्या रॅकवर ठेवू नका, न उघडता कुकरमध्ये उकडा आणि मगच धुवा. आमच्या लॅबमध्ये एकदा कोळी शिरले होते, पूर्ण खोली रिकामी करावी लागली. सुपरवायझर आठवडाभर कोणाशी बोलला नव्हता.

धुऱ्यावरची | २० मार्च २०२३, रात्री ९.३०

विहिरीवरच्या झाडाच्या फांद्या. पहिल्या खेपेला २४ पेरांचे तुकडे, २४ च्या २४ बाटल्या बरबाद. काहींच्या आतूनच जिवाणू निघाले.

जुना_सूक्ष्मदर्शक | २१ मार्च २०२३, सकाळी १०.००

रानातली फांदी थेट बाटलीत नेऊ नका. त्या झाडाच्या चार-पाच फांद्या कुंडीत लावा, अंगणात सावलीत. वरून पाणी घालायचं नाही, फक्त बुडाशी. आठवड्यातून एकदा कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची फवारणी. जी नवी पालवी फुटेल तिची कोवळी पेरं घ्या. सध्या झाड पालवीवर असेलच.

रोहीवैतागी | २१ मार्च २०२३, सकाळी १०.४०

म्हंजे शेवटी फांदी खोचाच लागली नं? 😄

धुऱ्यावरची | २१ मार्च २०२३, सकाळी १०.५५

लागली 🙏

धुऱ्यावरची | १६ जुलै २०२३, रात्री ८.४५

कुंडीतल्या फांद्यांच्या पेरांपासून २६ बाटल्या, त्यांतल्या ११ स्वच्छ. एप्रिल-मे मध्ये हाल. खोली ३८ अंशांवर, कूलर लावला तर दमटपणानं झाकणांवर बुरशी. शेवटी बाटल्या मातीच्या ओल्या रांजणाभोवती ठेवल्या आणि दिवे रात्रीच लावले, दिवसा अंधार. झाडांना दिवस-रात्र उलटी झाली तरी चालली. बाबा म्हणाले, एमआयडीसीची नाइट शिफ्ट.

मुळांसाठी अर्ध्या ताकदीचं एमएस आणि आयबीए ०.२. फुटव्यांपैकी जवळपास अर्ध्यांना मुळं आली. १९ रोपं पावसाळ्याच्या तोंडावर बाहेर काढली.

इथं मी पुन्हा शिकले. बाटलीतल्या पानावर मेणाचा थर नसतो, आणि त्याची छिद्रं नीट मिटत नाहीत. पहिली पाच रोपं मी उत्साहात दुपारी काढली, तासाभरात माना टाकल्या. बाकीची संध्याकाळी काढली, मुळांचं अगर कोमट पाण्यानं नीट धुतलं (साखर राहिली तर मातीत बुरशी), कोकोपीट आणि वाळू अर्धी-अर्धी, वर प्लास्टिकची पिशवी. पाचव्या दिवसापासून पिशवीला रोज एक भोक. नऊ जगली.

त्याच आठवड्यात बाबांनी न सांगता एक काम केलं. विहिरीवरच्या झाडाच्या सहा फांद्या तोडून खाली बरडावर, जिथं आधी वावर होतं तिथल्या तुरीच्या कडेला, खोचल्या. आणि आमच्या शेजाऱ्यांच्या कुंपणाच्या, म्हणजे कधीच फारसं बी न देणाऱ्या झाडाच्या, सहा फांद्या आणून विहिरीपाशी खोचल्या. मी विचारलं कशाला, तर म्हणाले, "तुह्या सरानं विचारलं होतं नं, झाडाचा गुन का विहिरीचा."

जुना_सूक्ष्मदर्शक | १६ जुलै २०२३, रात्री ९.२०

तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. चाळीस वर्षं मी मुलांना प्रयोगाची आखणी शिकवली, इतकी नेटकी फार थोड्यांनी केली.

वऱ्हाडी_ठेचा | १६ जुलै २०२३, रात्री ९.२८

काकांले बाटलीबी लागली नाई, कुकरबी नाई.

केळीच्या_बागेतला | १७ जुलै २०२३, सकाळी ६.००

बाटलीतल्या नऊ रोपांपैकी तीन-चार तरी बरडावर, फांद्यांच्याच ओळीत लावा. म्हणजे फांदी आणि टिश्यू हेही समोरासमोर येईल. आणि प्रत्येकाला पत्र्याची पट्टी बांधा, कागदाचं लेबल पावसात जातं.

धुऱ्यावरची | २५ ऑगस्ट २०२४, रात्री १०.०५

पुन्हा धागा वर.

टिश्यूची चार झाडं बरडावर आहेत, कमरेएवढी, फुलं अजून नाहीत. बाकी पाच कुंड्यांतली दोन वासरानं तुडवली. २,४-डी चा गोळा गेला, आईनं बाटली लोणच्याला घेतली. (उकडून, धुऊन. तरी मी ते लोणचं खाल्लं नाही.)

बाबांच्या फांद्यांना यंदा फुलोरा आला. आज रविवारी आम्ही दोघं सकाळपासून मोजत बसलो. मादी फूल ओळखायला सोपं, मध्ये हिरवी फुगीर अंडाशयाची गाठ असते, नर फुलात पिवळे पुंकेसर. साधारण चंद्रज्योतीला एका मादी फुलामागे वीस-पंचवीस नर असतात, आणि बी कमी लागायचं हे एक मोठं कारण.

विहिरीवरचं मूळ झाड, तीन घोस : नर ३३१, मादी २८.
त्याच्याच फांद्या, बरडावर, तीन घोस : नर २७४, मादी १२.
शेजाऱ्याच्या कुंपणाच्या फांद्या, विहिरीपाशी, तीन घोस : नर ३०२, मादी २३.

म्हणजे मूळ झाडावर एका मादीमागे बारा नर, बरडावर जवळपास तेवीस, आणि शेजाऱ्याची ती वांझोटी समजली गेलेली झाडं विहिरीपाशी आल्यावर तेरा.

बाबा काही बोलले नाहीत. विहिरीच्या काठावर बसून तंबाखू मळत राहिले. मग एवढंच म्हणाले की २००६ साली त्या माणसानं पाणी नको म्हणून सांगितलं होतं.

रोहीवैतागी | २५ ऑगस्ट २०२४, रात्री १०.३०

हाव. आमालेबी तेच सांगितलं होतं.

जुना_सूक्ष्मदर्शक | २६ ऑगस्ट २०२४, सकाळी ९.१५

तीन घोस कमी आहेत, निष्कर्षाची घाई नको. सप्टेंबरात दुसरा बहर येईल, तेव्हा प्रत्येक झाडाचे दहा-दहा घोस मोजा. मूळ झाड जुनं आहे, फांद्या वर्षाच्या आहेत, तो फरकही धरायला हवा. आणि पुढच्या वर्षी बरडावरच्या सहांपैकी तीन झाडांना विहिरीचं पाणी द्या, तीन तशीच ठेवा.

धुऱ्यावरची | २६ ऑगस्ट २०२४, सकाळी ९.४०

बाबांनी काल संध्याकाळीच पाइप आणला, सर. तीन झाडांपुरता.